चालवेल त्याचा ऑटो

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासद व कुटुंबीयांसमोर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना आकडेमोड थोडी सविस्तर दिली आहे.)



रौप्यमहोत्सवानिमित्त मी काहीतरी बोलावे असे ठरले तेव्हा 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' हा विषय मला सुचवला होता. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरे काय विचारणार! पण गुंतवणुकीबद्दल आपण सकाळी फिरताना रोजच बोलतो. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. मी आज आपल्या ऑटोवाल्यांबद्दल बोलणार आहे. आपली नातवंडे शाळेत नेणारे, आपल्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊन आणणारे, रात्री-बेरात्री वर्धा स्टेशनवरून घरी सोडणारे हे लोक. ज्या गाडीवर ते दिवसभर बसतात ती गाडी त्यांच्या मालकीची कशी होईल, आणि त्यात शेजारी म्हणून आपल्याला काय करता येईल, एवढाच माझा प्रश्न आहे.

पवनारात उभे राहून कर्जाबद्दल बोलायचे म्हणजे थोडे अवघडच. १९३८ साली विनोबाजी प्रकृतीच्या कारणाने इथे धाम नदीकाठच्या जमनालालजी बजाज यांच्या बंगल्यात राहायला आले. पुढे १९५० च्या सुमारास याच परंधाम आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाला बाजूला ठेवून स्वतःच्या श्रमावर जगायचे, असा तो प्रयोग. त्या गावात मी हप्ता, व्याज आणि मार्जिन या गोष्टी सांगतो आहे. विनोबाजींनी मला माफ करावे. पण श्रम करणाऱ्याच्या हातात त्याचे साधन असावे, ही गोष्ट त्यांना परकी वाटली नसती असे मला वाटते.

ऑटोचेही आपल्या जिल्ह्याशी जुने नाते आहे, ते नव्या पिढीला ठाऊक नसते. वर्ध्याच्या शेठ बछराज यांनी जमनालालजींना नातू म्हणून दत्तक घेतले. त्याच नावाची 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' १९४५ मध्ये स्थापन झाली. ती आधी परदेशातून स्कूटर आणि तीनचाकी आणून विकत असे. १९५९ मध्ये तिला ही वाहने भारतात बनवण्याचा परवाना मिळाला आणि तीच पुढे बजाज ऑटो झाली. म्हणजे देशभर धावणाऱ्या कितीतरी तीनचाकींचे मूळ नाव आपल्या वर्ध्याचे. मग त्या गाडीच्या चालकाचे नाव आरसी बुकावर यावे यासाठी आपण वर्धेकरांनी थोडा विचार करायला काय हरकत आहे?

आता मुद्द्यावर येतो. ऑटोत बसल्यावर आपण चालकाला विचारतो, "भाऊ, किती घेशील?" गाडी कोणाची, हे आपण विचारत नाही. मी विचारतो, ती माझी जुनी सवय. उत्तर बरेचदा येते, "किरायाची हाये, काकाजी." मालक वेगळा. त्याला रोजचा ठरलेला किराया द्यायचा, पेट्रोल किंवा गॅस आपला, आणि उरेल ती रोजी. त्यातही पूर्वी परमिट मर्यादित होते. २०१७ मध्ये राज्यात ती मर्यादा उठली. त्याआधी परमिट एकाचे, गाडी दुसऱ्याची आणि हँडल तिसऱ्याच्या हातात, असा प्रकार ठिकठिकाणी चालायचा. अजूनही तो पुरता गेलेला नाही.

किरायाच्या गाडीवरचा चालक सकाळी निघतो तो उणे खात्यातून निघतो. दुपारपर्यंतची कमाई मालकाची. पाऊस असो, बंद असो, अंगात ताप असो, किराया उभाच. मागे एका चालकाला खोकताना पाहून मी म्हटले, "अरे बाबू, आज घरी राहायचे होते." तो म्हणाला, "गाडी माही असती तं राह्यलो असतो, काकाजी. किराया थांबत नाही ना बाप्पा." आणि याचा आपल्याशी थेट संबंध आहे बरं का. ज्याला संध्याकाळपर्यंत किराया काढायचा असतो तो चार मुलांच्या जागी सहावा-सातवा मुलगा बसवतो, फेरी वाचवायला वेग वाढवतो, ब्रेकचे काम पुढच्या महिन्यावर ढकलतो. आपण त्याला रागावतो. पण त्या सातव्या मुलाचे पैसे कुठे जातात, हे पाहत नाही.

आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा झाली आणि विदर्भासाठी १९५८ चा कूळकायदाही आला. ऑटोला मात्र कूळकायदा नाही. दहा वर्षे एकाच गाडीचा किराया भरला तरी कूळ लागत नाही. इथे मालक होण्याचा रस्ता एकच, कर्ज. म्हणून आपण कर्जाचा हिशेब नीट करू.

मी गोल आकडे घेतो. समजा, रोजचा किराया ३०० रुपये आणि महिन्याला २६ दिवस गाडी चालते. महिन्याचे ७,८०० झाले. पाच वर्षांत ४ लाख ६८ हजार. शेवटी हातात काय? काही नाही. आता समजा, त्याच माणसाने ऑटो घेतला आणि २ लाख ४० हजारांचे कर्ज पाच वर्षांसाठी, १० टक्के घटत्या शिलकीच्या व्याजाने काढले. हप्ता येतो सुमारे ५,१०० रुपये. ऐकायला फार छान वाटते. पण थांबा. किरायाच्या गाडीचा विमा, पासिंग आणि मोठी दुरुस्ती मालक पाहत होता. आता ते सारे याच्या अंगावर आले. त्यासाठी महिन्याला २,५०० बाजूला ठेवले तर बेरीज ७,६०० होते. म्हणजे जवळपास किरायाएवढीच!

ही गोष्ट कर्ज देणारे लोक सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगतो. मालक झाल्याबरोबर खिशात जास्त पैसे येत नाहीत. पहिली पाच वर्षे तेवढीच ओढाताण असते. फरक असा की पाच वर्षांनी गाडी त्याची असते आणि त्यानंतरचा हप्त्याचा पैसा घरात राहतो. ज्याला हे आधी सांगितलेले नसते तो दुसऱ्याच वर्षी निराश होतो.

दुसरी गोष्ट व्याजाची. शोरूमच्या बाजूला टेबल टाकून बसलेला माणूस म्हणतो, "फक्त बारा टक्के!" तो 'फ्लॅट' दर असेल तर सावध राहा. फ्लॅट म्हणजे पूर्ण रकमेवर पाचही वर्षे व्याज, मग तुम्ही कितीही मुद्दल फेडलेले असो. वरच्याच कर्जावर १२ टक्के फ्लॅटने व्याज होते १ लाख ४४ हजार आणि हप्ता ६,४००. घटत्या शिलकीच्या १० टक्क्यांनी व्याज होते सुमारे ६६ हजार. दोन टक्क्यांचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षात ७८ हजार रुपये जास्त जातात. तो बारा टक्के फ्लॅट घटत्या हिशेबाने वीस टक्क्यांच्या वर पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी 'मुख्य तथ्य विवरण' देणे सक्तीचे केले आहे. सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती, हे त्या कागदावर लिहिलेले असते, आणि तो कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावा लागतो. सही करण्याआधी तो मागायचा. चालकाला मागायचा संकोच वाटत असेल तर आपल्यापैकी कोणीतरी सोबत जायचे.

मी १९७३ साली बँकेत लागलो. चार वर्षांपूर्वीच, १९ जुलै १९६९ रोजी, चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९७२ मध्ये चार टक्के व्याजाची योजना आली. १९८३ मध्ये सुशिक्षित बेरोजगारांची स्वयंरोजगार योजना आली, १९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना आली. या योजनांतून ऑटो घेणारे तरुण मी खूप पाहिले. हार घातलेली गाडी घेऊन ते शाखेत पेढे द्यायला यायचे. त्यांतले काही आज स्वतःच्या घरात राहतात, एकाने तर तीन गाड्या केल्या. पण कितीतरी जणांची गाडी दोन-तीन वर्षांत हातची गेली. लोक म्हणायचे, 'यांना फेडायचेच नसते.' माझा अनुभव तसा नाही. मी वसुलीला घरोघर फिरलेलो माणूस आहे. न फेडण्याच्या इराद्याने कर्ज घेणारे असतात, पण थोडे. जास्त जणांचे एकच घडते. एक वाईट महिना येतो.

आपल्याच रस्त्यावरचे उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. पवनार-वर्धा सीट भरणारा एक चालक. खाजगी फायनान्सवर ऑटो घेतला होता. साठ हप्त्यांपैकी एकेचाळीस त्याने वेळेवर भरले. मग पाय मोडला. पायाला प्लास्टर, गाडी दारात उभी, घरात कमाई नाही. तीन हप्ते थकले आणि गाडी उचलून नेली. एकेचाळीस हप्ते भरलेला माणूस तीन हप्त्यांसाठी पुन्हा किरायाच्या गाडीवर आला. आज तो आपल्या काही मुलांना शाळेत सोडतो.

बँकेच्या नियमातही हा तीनचा आकडा आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते अनुत्पादित ठरते. त्यानंतर व्यवस्थापकाची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात आणि त्या माणसाचे नाव पुढच्या कर्जासाठी खराब होते. म्हणजे पाच वर्षांच्या कर्जाचे भवितव्य तीन महिन्यांत ठरते. गंमत बघा, किरायाचा चालक आजारी पडला तर चावी मालकाला देऊन घरी झोपू शकतो. उपाशी राहील, पण कर्जबाजारी होणार नाही. मालक-चालकाला ती सोय नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, चालकाला मालक करायचे असेल तर कर्ज मिळवून देणे हे अर्धेच काम आहे. वाईट तीन महिने निभावून नेण्याची सोय आधी करायची, मग गाडीला हार घालायचा.

ही सोय कशी होते? रोज ५० रुपये वेगळे काढा. २६ दिवसांचे १,३०० आणि वर्षाचे १५,६००. म्हणजे तीन हप्त्यांहून थोडे जास्तच. पण वर्षभरात पाय मोडणार नाही, याची हमी कोण देणार? इथे माणसे एकत्र येण्याचा फायदा दिसतो. पाच चालकांनी मिळून रोज ५० प्रमाणे टाकले तर महिन्याला ६,५०० जमतात. एकट्याला तीन हप्ते जमवायला वर्ष लागते, पाच जणांना अडीच महिने पुरतात. पाचांवर एकाच वेळी संकट सहसा येत नाही. ज्याच्यावर येईल त्याचा हप्ता निधीतून भरायचा, आणि तो बरा झाला की त्याने निधीत परत टाकायचा. भिसी चालवणाऱ्या आपल्या भगिनींना हे मी समजावून सांगायची गरज नाही. फक्त भिसीत नंबर लागतो, इथे नंबर संकटाचा लागतो.

नवीन काही मी सांगत नाही. रोजच्या रोज छोटी रक्कम घ्यायची पद्धत, जिला आपण पिग्मी म्हणतो, ती उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली. रोज कमावणाऱ्याकडून महिन्याच्या शेवटी पैसे मागू नयेत, रोज मागावेत, हे शहाणपण त्यात आहे. १९७४ साली अहमदाबादमध्ये भाजी विकणाऱ्या, गाडा ओढणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून 'सेवा' सहकारी बँक उभी केली. २००४ मध्ये गुवाहाटीत 'रिक्षा बँक' सुरू झाली. पशुवैद्यक असलेल्या डॉ. प्रदीप सरमा यांनी ती काढली. सायकलरिक्षा चालकाला गाडी द्यायची, रोजच्या किरायासारखाच रोजचा हप्ता घ्यायचा, पण शेवटी रिक्षा त्याच्या नावावर करायची. लक्षात घ्या, त्यांनी नुसती गाडी दिली नाही. विमा, परवाना आणि ओळखपत्र सोबत बांधून दिले.

न्यायालयांनीही या प्रश्नाकडे पाहिले आहे. पंजाबात १९७५ मध्ये कायदा झाला की, सायकलरिक्षाचा परवाना चालवणाऱ्या मालकालाच मिळेल. हेतू चांगला, पण ज्यांच्याकडे रिक्षा घ्यायला पैसेच नाहीत त्यांची रोजीच बंद होण्याची वेळ आली. अमृतसरचे रिक्षाचालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी केवळ कायद्याचा अर्थ सांगून प्रकरण मिटवले नाही. बँकेमार्फत चालकांना कर्ज मिळून रिक्षा त्यांच्या मालकीची होईल, अशी योजनाच त्यांनी निकालात घातली. नुसता कायदा करून मालकी येत नाही, त्याला पतपुरवठ्याची जोड लागते, हे त्यातून दिसले.

त्या निकालाची आठवण २०२५ मध्ये पुन्हा निघाली, आणि तीही आपल्या महाराष्ट्रामुळे. माथेरानला तेव्हाही माणूस माणसाला हातरिक्षातून ओढून नेत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या अमरावतीचे सुपुत्र, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. अमृतसरच्या निकालाला ४५ वर्षे होऊनही हे चालू असल्याबद्दल खंत व्यक्त केली. राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन त्या खऱ्या रिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नये, असेही म्हटले. निकाल मोठाच आहे. ज्याच्या खांद्यावरचे ओझे उतरते त्याला भाड्याची ई-रिक्षासुद्धा वरदान आहे. माझ्यासारख्या बँकेच्या माणसाच्या मनात एवढेच येते की, त्या भाड्यातला काही भाग मालकीकडे जमा होत गेला, तर काही वर्षांनी ते मालक होतील.

आता आपण काय करू शकतो, ते सांगतो. त्याआधी काय करू शकत नाही ते सांगितले पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात चुका होतात. संस्थेच्या निधीतून कोणा चालकाला कर्ज देता येणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४४ प्रमाणे संस्था आपल्या सभासदाखेरीज इतरांना कर्ज देऊ शकत नाही, आणि सिंकिंग फंड तर इमारतीसाठी आहे. कोणी सभासदाने व्याजाने पैसे देण्याचा धंदाच सुरू केला तर ती सावकारी झाली. त्याला २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. 'सगळ्यांकडून ठेवी गोळा करू आणि ऑटोवाल्यांना देऊ' असे कोणी म्हणाले तर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवरील बंदीचा कायदा आडवा येतो. तो आडवा येतो हेच बरे. लोकांच्या ठेवी अडकल्यावर घरात काय होते, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको.

कर्ज बँकेकडूनच घ्यायचे. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत ऑटोसारखी वाहने बसतात. ५० हजार ते ५ लाखांपर्यंतचे 'किशोर' कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. महिलांसाठी राज्याची पिंक ई-रिक्षा योजनाही आहे. २० टक्के शासन देते, १० टक्के लाभार्थीचे आणि ७० टक्के बँकेचे कर्ज. ती ठरावीक शहरांसाठी आहे. पण पैशांची ही मांडणी चांगली आहे.

मग शेजारी म्हणून आपले काम काय? मला चार कामे दिसतात.

पहिले, मुलांच्या ऑटोचे पैसे खात्यातून द्या, आणि ठरलेल्या तारखेला द्या. आपण नोटा हातात ठेवतो आणि तो खर्च करतो. बँकेत गेल्यावर अधिकारी विचारतो, उत्पन्नाचा पुरावा काय? त्याच्याकडे काहीच नसते. दहा पालकांनी वर्षभर दर पाच तारखेला खात्यात पैसे टाकले तर तेच खाते त्याची पत होते. यात आपला एक रुपया जास्त जात नाही.

दुसरे, मे महिन्याचा विचार करा. शाळा बंद झाली की त्याची निम्मी कमाई बंद होते, हप्ता मात्र चालू. दहा महिन्यांचे होणारे पैसे बारा समान भागांत दिले तर मे महिना निभावून जातो. वर्षाची रक्कम तेवढीच राहते. पालकांनी चालकाशी बसून एवढे ठरवायचे आहे.

तिसरे काम आम्हा निवृत्तांचे, म्हणजे कागदपत्रे. लायसन्स, बिल्ला, परमिट, विमा, पासिंग. कर्ज घेतले की आरसीवर बँकेचा बोजा चढतो. कर्ज फिटल्यावर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आरटीओतून उतरवावा लागतो. शेवटचा हप्ता भरला, पण बोजा तसाच राहिला, असे लोक मी पाहिले आहेत. गाडी विकायला गेल्यावर त्यांना कळते. शिवाय वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा, या पंतप्रधानांच्या नावाच्या दोन योजना प्रत्येक चालकाच्या खात्याला जोडून द्यायच्या. वारस म्हणून पत्नीचे नाव घालायचे, आणि कर्जाचा कागद तिलाही समजावून सांगायचा. संकट आल्यावर बँकेच्या दारात तीच उभी असते.

चौथे, पाच-पाच चालकांचे गट व्हायला मदत करायची. गट त्यांचा, खाते त्यांचे, सह्या त्यांच्या. आपण फक्त महिन्यातून एकदा वही तपासायची. आणि गाडी घेण्याआधी सहा महिने हा गट चालला पाहिजे. जो सहा महिने रोज ५० रुपये टाकू शकतो तो हप्ता फेडू शकतो. जो टाकू शकत नाही त्याला आपण कर्जात ढकलू नये. ई-रिक्षा घेणाऱ्याने तर बॅटरीसाठी आणखी वेगळे काढले पाहिजेत. २०१६ पासून ई-रिक्षाला परमिट लागत नाही, म्हणून ती सोपी वाटते. पण साधी लेड-ॲसिड बॅटरी कर्ज फिटण्याच्या कितीतरी आधी बदलावी लागते, आणि बॅटरी संपली की गाडी दारात उभी राहते.

एका सभासदांनी मला विचारले, "काका, एवढे करून त्याने हप्ते थकवले तर?" प्रश्न रास्त आहे. काही जण थकवतील. बँकेतली सगळी खातीही चांगली निघत नाहीत. म्हणून मी तुम्हाला जामीन राहा असे सांगत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आणि पेन्शनवाल्या माणसाने ती भावनेच्या भरात घेऊ नये. मी सांगितलेल्या चार कामांत तुमचा पैसा कुठेच अडकत नाही. जातो तो थोडा वेळ.

शेवटी आपल्याबद्दल दोन शब्द. १९१५ साली मुंबईच्या गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तेव्हा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी एकत्र येऊन मालक व्हायचे ठरवले होते. पंचवीस वर्षांपूर्वी आपणही तेच केले. आपल्यातले बहुतेक जण किरायाच्या घरातून इथे आले. गृहकर्ज काढताना जामीन लागायचा तेव्हा आपण एकमेकांसाठी सह्या केल्या. कोणाचा पगार अडकला, कोणाच्या घरी मोठे आजारपण आले, तेव्हा शेजाऱ्याने चार पैसे हातउसने दिले, संस्थेने वर्गणीसाठी थोडे थांबून घेतले. म्हणून कोणाचे घर गेले नाही. आपण फार हुशार होतो म्हणून मालक झालो, असे नाही. आपला वाईट महिना निभावून न्यायला माणसे होती. ऑटोवाल्याला तेवढेच हवे आहे.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या वर्षात मी कार्यकारिणीला एक विनंती करतो. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दोन तास आपले सभागृह या चालकांसाठी उघडे ठेवावे. मी स्वतः वही-पेन घेऊन बसेन. एलआयसीतून निवृत्त झालेले, शिक्षक राहिलेले, कोर्टात काम केलेले आपल्यात बरेच आहेत. त्यांनी आळीपाळीने यावे. पालकांनी पुढच्या महिन्यापासून ऑटोचे पैसे खात्यात टाकायला सुरुवात करावी. पुढच्या पाच वर्षांत आपल्या गेटवर येणाऱ्यांपैकी पाच जणांच्या आरसीवरचा बोजा उतरला तरी खूप झाले.